जुनाच बोल्ट, ग्रीस लावून

फोन आला तेव्हा मी लिफ्टवर चढवलेल्या एका गाडीखाली मान वर करून उभा होतो.

"साळवी साहेब, मी वैदेही, जयगडहून. गाडी फेरीबोटीवर चढवताना खालून मोठा आवाज झाला. डावं पुढचं चाक तिरकं झालंय."

कोणाला लागलंबिगलं का, हे मी आधी विचारलं. नाही म्हणाल्या. मागच्या सीटवर शेजारच्या दोन मुली होत्या, त्या घाबरल्या होत्या, पण गाडी चालण्याच्या वेगात होती म्हणून निभावलं. बोटीवरच्या खलाशांनी गाडी ढकलून जेटीवर बाजूला लावली होती. मॅडम शाळेत शिकवतात. त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतात तसाच शांत होता, आणि शेवटी तेवढ्याच शांतपणे त्या म्हणाल्या, "महिन्यापूर्वी तुमच्याकडेच काम केलं होतं ना हो ह्या चाकाचं?"

केलं होतं. त्यांना गाडी जागची हलवू नका म्हणून सांगितलं आणि टोइंगवाल्याला घेऊन निघालो.

मी रत्नागिरीत एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा वर्क्स मॅनेजर आहे. पद ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात सहा मेकॅनिक, दोन लिफ्ट, एक टायरचं मशीन आणि विनायकशेठ नावाचे मालक, यांच्या मधे उभं राहायचं काम. गाड्यांखाली माझी सव्वीस वर्षं गेली. त्यातली निम्मी गंज काढण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल. घाटावरची माणसं गाडी जुनी झाली म्हणून दुरुस्त करतात, आम्ही ती खारी झाली म्हणून करतो.

वैदेही मॅडम जयगडला राहतात आणि त्यांची शाळा खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. रोज सकाळी गाडी घेऊन फेरीबोटीने पलीकडे, दुपारी परत. भरतीच्या वेळी बोटीचा रॅम्प पाण्यात असतो. चढता-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि वर लोखंडी पत्र्यावर आदळतात. दिवसातून चार वेळा. असल्या गाडीची खालची बाजू कशी दिसत असेल, ते सांगायला नको.

महिन्यापूर्वी त्यांच्या गाडीचे पुढचे दोन्ही लोअर आर्म आम्ही बदलले होते. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या खालच्या चौकटीशी जोडणारा लोखंडी हात. चाक खड्ड्यात गेलं की तो वरखाली हलतो. चौकटीला तो दोन बोल्टांनी धरलेला असतो, एक पुढे, एक मागे. दोन आर्म, चार बोल्ट. आर्म नवे घातले, बोल्ट जुनेच पुन्हा वापरले. काम केलं दिलीपने.

जेटीवर पोचलो तेव्हा बोट दुसऱ्या फेरीला निघून गेली होती. मी गोणपाट टाकून आडवा झालो आणि टॉर्च मारला. डाव्या आर्मचा मागचा बोल्ट जागेवर नव्हता. म्हणजे डोक्याकडचा भाग कुठेतरी पडून गेलेला आणि आट्यांकडचा तुकडा चौकटीतल्या भोकात अडकलेला. मागचा आधार गेल्यामुळे चाक आर्मसकट मागे सरकलं होतं. हेच वाटदच्या चढावर किंवा पलीकडच्या उतारावर भर वेगात झालं असतं तर काय, हा विचार मी तिथे करायचा टाळला. मॅडमनी तो केलेला दिसत होता. त्या दोन्ही मुलींचे हात धरून उभ्या होत्या आणि सोडत नव्हत्या.

"बोल्ट नीट घट्ट केला नव्हता का?" त्यांनी विचारलं.

बोल्ट तुटला की सगळे हेच विचारतात, आणि बहुतेक वेळा उत्तर हो असंच असतं. ढिला राहिलेला बोल्ट आत हलत राहतो, आपटत राहतो आणि एक दिवस तुटतो. मी म्हणालो, बघायला लागेल. पण मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो. मॅडम जरा बाजूला गेल्यावर विनायकशेठना फोन लावला आणि सांगितलं, "दिलीपकडून एक बोल्ट घट्ट करायचा राहिलेला दिसतोय."

हे वाक्य मी तिथेच, तुकडा बाहेर काढून न बघता बोललो. पुढे जो घोळ झाला त्याला हे वाक्य कारण आहे, म्हणून ते लपवत नाही.

मी असं का समजलो, त्यालाही कारण होतं. महिन्यापूर्वी हे काम केलं त्या दिवसांत शिमगा होता. आमच्याकडे शिमग्यात वर्कशॉप चालवणं म्हणजे निम्म्या माणसांनी पूर्ण काम ओढणं. प्रत्येकाच्या गावची पालखी वेगळ्या दिवशी घरी येते आणि त्या दिवशी माणूस थांबत नाही. थांबवायला मीही जात नाही. दिलीप संगमेश्वरकडचा. ज्या दिवशी मॅडमच्या गाडीचं काम झालं, त्याच रात्री त्याच्या घरी पालखी यायची होती. तो चार वाजता निघून गेला होता. घाईत होता, बोल्ट राहिला, असा हिशोब माझ्या डोक्यात लगेच जुळला. फार सहज जुळलेल्या हिशोबाकडे दुसऱ्यांदा बघायला हवं असतं, एवढं मला सव्वीस वर्षांत कळायला हरकत नव्हती.

गाडी घेऊन आलो. दिलीप पलीकडच्या लिफ्टवर काम करत होता. मी त्याला बाजूला बोलावलं. तो पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे अकरा वर्षं. एवढ्या वर्षांत त्याच्या हातचं काम परत आल्याचं मला आठवत नाही.

मी विचारलं, "हा बोल्ट घट्ट केला होतास का?"

"केलेला हाय, सायब. चारीच्या चारी. पाना टक वाजला, मग पिवळी रेघ मारली."

टॉर्क रेंच नावाचा एक पाना असतो. त्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर लागला की तो टक् करतो, म्हणजे बस, थांब. टक् झालं की आमच्याकडे बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर पिवळ्या मार्करने एक रेघ मारतात. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. उरलेल्या तीन बोल्टांवर रेघा होत्या, सरळ आणि अखंड. चौथ्याचं डोकंच खाडीत पडलं होतं. त्यामुळे दिलीपकडे पुरावा नव्हता आणि माझ्याकडे शिमगा होता.

"त्या दिवशी तू लवकर गेला होतास," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. "गेलेला. काम करून गेलेला," एवढंच बोलला आणि परत आपल्या गाडीखाली गेला.

संध्याकाळी विनायकशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमचे मिस्टर जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. त्यांचा जहाजावरून फोन येऊन गेला होता. ते चिडले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. बायको आणि शेजाऱ्यांच्या पोरी त्या गाडीत होत्या आणि ते स्वतः कुठल्यातरी समुद्रात. त्यांचं म्हणणं होतं, चूक कोणाची झाली हे लेखी द्या, आणि त्या माणसाला पुन्हा कुठल्या गाडीला हात लावू देऊ नका. तिकडे जेटीवर, बोटीवर आणि मॅडमच्या शाळेत एव्हाना पसरलंच होतं की रत्नागिरीच्या त्या वर्कशॉपमधला दिलीप बोल्ट घट्ट करायला विसरतो. नावासकट. नाव माझ्याच फोनमधून बाहेर पडलं होतं. मॅडम बाजूला गेल्या होत्या, पण टोइंगवाला बाजूलाच उभा होता.

विनायकशेठ वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "साळवी, मला त्याला काढायला बरं वाटतंय असं समजू नका. पण चाक निखळलं म्हटल्यावर मी काय सांगू लोकांना? परवापर्यंत मला रिपोर्ट द्या. तुम्ही लिहाल तसं करू."

म्हणजे दिलीपची नोकरी माझ्या एका कागदावर आली. आणि नुसती नोकरी गेली असती तर त्याला दुसरी मिळाली असती, पण रत्नागिरी हे केवढंसं गाव. बोल्ट विसरणारा मेकॅनिक अशी ओळख झाली की चिपळूणपासून राजापूरपर्यंत त्याला कोणी लिफ्टजवळ उभं करणार नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकातला तुकडा काढायला घेतला. रिपोर्ट लिहायचा तर तो टेबलावर हवा. असा अडकलेला तुकडा काढणं हा आमच्याकडे अर्ध्या दिवसाचा धंदा. गंज, हातोडा, गॅस, शिव्या, सगळं लागतं. मी तयारीनिशी बसलो, आणि तुकडा दोन बोटांनी फिरवून बाहेर आला. आटे चकचकीत, काळ्या ग्रीसमध्ये माखलेले.

मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. कारण ते ग्रीस माझं होतं.

इथे माझ्या ग्रीसबद्दल सांगणं भाग आहे. समुद्रकाठच्या गाडीचा बोल्ट म्हणजे आमचा जन्माचा शत्रू. वर्षभरात तो भोकात असा धरतो की काढताना त्याचं डोकं तुटतं, नाहीतर आमचं फिरतं. म्हणून मी फार वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली. आंब्याच्या रसाच्या रिकाम्या डब्यात ग्रीस आणि ग्राफाइटची पूड कालवून ठेवायची आणि जो बोल्ट घालायचा तो त्यात बुडवूनच घालायचा. माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीचा बोल्ट दहा वर्षांनी खोला, हाताने निघेल, असं मी सांगायचो. इतर गॅरेजवाले त्या डब्यातलं मागून न्यायचे आणि मी ते मोठ्या मनाने द्यायचो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये याच चार बोल्टांपुढे लिहिलं होतं की बोल्ट दरवेळी नवा घाला आणि आटे कोरडे ठेवा. ते मी वाचलं होतं. नवा घाला म्हणजे बोल्ट खपवायची युक्ती, आणि कोरडे ठेवा म्हणजे लिहिणाऱ्याने खाडी पाहिलेली नाही, असा मी अर्थ लावला होता. बोल्ट हाताने निघाला आणि आटे चांगले दिसले की तो पुन्हा वापरायचा, हा वर्कशॉपचा नियम होता. नियम माझा.

तुकडा पुसून उजेडात धरला आणि बरं वाटणं तिथेच संपलं. जिथे तुटला होता त्याच्या अलीकडे त्याची कंबर बारीक झाली होती. ढिला राहून तुटलेला बोल्ट असा दिसत नाही. तो हलून हलून कडेने झिजतो, वाकतो. कंबर बारीक होते ती ताणल्यामुळे. टॉफी दोन्हीकडून ओढली की मधे जशी बारीक होते तशी.

मग उरलेले तीनही काढले. कपाटात ह्या मॉडेलचा नवा बोल्ट नव्हता. कोल्हापूरच्या डीलरला फोन करून अर्धा डझन मागवले आणि तोवर त्या तिघांना टेबलावर ओळीने ठेवून बघत बसलो. एकाचीही लांबी दुसऱ्याशी नीट जुळत नव्हती.

दुपारी मॅडमच्या मिस्टरांचा फोन आला. या वेळी थेट मला. आवाजाच्या मागे इंजिनाची घरघर चालू होती. ऐकायचं ते ऐकून घ्यायच्या तयारीने मी बसलो. दोन मिनिटं त्यांनी ऐकवलं. मग थांबून त्यांनी विचारलं, "तुकडा कसा दिसतोय?"

कंबर बारीक झाली आहे, असं मी सांगितलं.

"म्हणजे ढिला नव्हता. जास्त ताणलाय," ते म्हणाले. "टॉर्क किती लावलात?"

मी आकडा सांगितला. मॅन्युअलमधलाच होता.

"कोरडा की तेलाचा?"

मला प्रश्न कळला नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. प्रश्न कळला होता. तो इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता, एवढंच. मी म्हटलं, ग्रीस लावलं होतं. ग्राफाइटचं.

फोटो पाठवतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला. जरा वेळाने व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. जहाजाच्या इंजिन रूममध्ये भिंतीवर लावलेला तक्ता, तेलाच्या बोटांचे डाग पडलेला. बोल्टांचे आकार एका रांगेत आणि पुढे टॉर्कचे दोन रकाने. एक कोरड्या आट्यांसाठी, एक तेल लावलेल्या आट्यांसाठी. बोल्ट तोच, पण दुसऱ्या रकान्यातला आकडा बराच कमी.

आता यातलं शास्त्र सांगतो, सोपं आहे. बोल्ट घट्ट करतो म्हणजे आपण त्याला केसभर ताणतो. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पण पाना ताण मोजत नाही. पाना मोजतो फिरवायला किती जोर लागतो ते. त्यातला बराचसा जोर आट्यांवर आटे घासण्यात जातो. कोरड्या बोल्टचा आकडा हे घासणं धरूनच काढलेला असतो. त्याच बोल्टला ग्रीस लावलं की घासणं कमी होतं, बोल्ट सुळसुळ फिरतो आणि पान्याचं टक् होईपर्यंत तो प्रमाणाबाहेर ताणला गेलेला असतो. वर तो जुना असला, कंपनीत एकदा ताणून झालेला असला, तर त्याच्यात उरलेलं असतंच किती? लेंग्याचं इलॅस्टिक एकदा सुटलं की ते कितीही ओढून बसवा, धरत नाही. मग बोटीच्या रॅम्पवर रोज चार वेळा आपटणं, आणि एक दिवस कडाक.

मग इतकी वर्षं माझं ग्रीस कसं चाललं? जुन्या गाड्यांचे बोल्ट जाडजूड असायचे, जादा ताण पोटात घालायचे. आताच्या गाड्यांत काही बोल्ट अगदी मोजून मापून केलेले असतात. प्रत्येक बोल्ट असा नसतो. मडगार्डचा, इंजिनखालच्या प्लेटचा जुना बोल्ट खुशाल ग्रीस लावून वापरा. पण चाक धरून ठेवणारे जे मोजके बोल्ट आहेत, त्यांच्यापुढे कंपनीने एकदाच वापरा असं लिहिलं असेल तर ते तुमच्या जिवासाठी लिहिलेलं असतं. मी ते युक्ती म्हणून सोडून दिलं होतं.

कोल्हापूरचं पार्सल दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी विनायकशेठना खाली बोलावलं, दिलीपलाही बोलावलं. भंगारातली त्याच मॉडेलची एक चौकट बाकावर शिकंज्यात पकडली. दोन नवे बोल्ट व्हर्निअरने, म्हणजे केसभर फरकही दाखवणाऱ्या मापाने, मोजले, दोन्ही सारखे. जुने तीन शेजारी ठेवून मोजले. तिन्ही नव्यापेक्षा लांब भरले. विनायकशेठना एवढं कळलं की हे तिन्ही घट्टच होते, उलट फार घट्ट होते. तिघांना फार घट्ट करणारा माणूस चौथ्याला विसरेल असं धरायला काही आधार नव्हता.

मग दिलीपच्या हातात टॉर्क रेंच दिला. पहिला बोल्ट कोरडा घातला. त्याने फिरवला, टक् झालं. काढून मोजला, होता तेवढाच. दुसऱ्या बोल्टला माझं ग्रीस लावलं. तो फिरवताना शेवटी दिलीपचा हात मंदावला. पान्याचं टक् पहिल्यापेक्षा बऱ्याच उशिरा झालं. काढून मोजला तर केसाच्या जाडीएवढा लांब झाला होता. अगदी नवा बोल्ट, एका फेऱ्यात.

विनायकशेठनी व्हर्निअर स्वतः हातात घेऊन आकडा बघितला. मी म्हणालो, "चूक दिलीपची नाही. जुने बोल्ट वापरा हे मी सांगितलेलं, ग्रीस लावा हेही मीच सांगितलेलं. त्याने मी सांगितलं तसं चोख केलं, म्हणून हा बोल्ट तुटला. मी जेटीवरून तुम्हाला जे बोललो ते न बघता बोललो."

"मग आता तुम्हाला काढू काय?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावरून थट्टा की खरं ते समजेना.

मी म्हटलं, काढायचं तर काढा, पण आधी मला ह्या मॉडेलच्या जेवढ्या गाड्यांना आपण असे बोल्ट बसवलेत त्या बोलवून घेऊ दे. ते म्हणाले, आधी ते करा. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद असलेली जॉबकार्डं काढून बसलो. चौदा गाड्या निघाल्या. चौदा लोकांना मी स्वतः फोन केले. आमच्याकडून चूक झाली आहे, गाडी हळू चालवत घेऊन या, बोल्ट बदलून देतो, असं चौदा वेळा बोलावं लागलं. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीच्या एका सुपरवायझरने शिफ्ट संपवून तसाच गाडी घेऊन येईन म्हटलं, आणि आला. एक गृहस्थ म्हणाले, अहो पण गाडी मस्त चालते आहे. त्यांना म्हटलं, मॅडमचीही मस्त चालत होती. चौदांपैकी पाच गाड्यांचे बोल्ट लांबलेले निघाले. त्यातल्या एकाला नखाने चाचपलं तरी कंबर लागत होती.

वैदेही मॅडमच्या गाडीला नवे चार बोल्ट कोरड्या आट्यांनी बसवले आणि गंजासाठी डोक्यावरून नंतर वेगळं कोटिंग मारलं. गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. चूक कोणाची तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते दिलीप म्हणजे कोण?" मी दाखवलं. त्या त्याच्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "मी शाळेत आणि बोटीवर तुमचं नाव घेऊन बोलले होते. ते चुकीचं होतं. माझ्या तोंडून गेलंय तर मीच परत सांगेन सगळ्यांना." दिलीप ओशाळून हात पुसत राहिला. त्यांनी खरंच सांगितलं असावं. पुढच्या महिन्यात जयगडच्या दोन गाड्या दिलीपच्या नावाने चौकशी करत आल्या.

माझं मात्र राहिलं होतं. सगळ्यांसमोर चूक कबूल करणं सोपं गेलं, कारण तिथे व्हर्निअर होता. दिलीपशी एकट्याने बोलणं अवघड गेलं. बाकावर बोल्ट मोजले त्याच दिवशी संध्याकाळी तो बूट बदलत बसला होता, तिथे मी जाऊन बसलो. म्हणालो, "दिलीप, मी तुझ्यावर आळ घेतला. शिमग्याचा दिवस होता म्हणून घेतला. चुकलो." तो नाय ओ, जाऊ द्या, असं काहीतरी पुटपुटला. मग मला सकाळपासून टोचणारं विचारलं. ग्रीसचा बोल्ट फिरवताना तुझा हात मंदावला होता, तो का.

"त्या दिवशी पन असाच लागलेला," तो म्हणाला. "शेवटाला नरम. चारी बोल्ट. टक वाजायच्या आदी हाताला कळतंय ना, काय तरी जास्ती होतंय म्हनून."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? निदान मी विचारलं तेव्हा तरी?"

त्याने बुटाची नाडी बांधून संपवली.

"तुमी इचारलात, घट केलास काय. केलेला, म्हनून केला म्हटला. कसा लागला, ता तुमी इचारलात नाय. आनि ग्रीसवर तुमच्यासमोर कोन बोलनार, सायब?"

मग दिलीप आपला जेवणाचा डबा उचलून घरी गेला. मी तिथेच बसून राहिलो. अकरा वर्षं त्या माणसाचं मनगट बोल्टांवर फिरत होतं. पान्याला जे कळलं नाही ते त्याला बोल्ट घट्ट करतानाच कळलं होतं, आणि ते माझ्यापर्यंत आलं नाही, कारण माझ्यासमोर बोलायची सोय मीच ठेवली नव्हती.

आता आमच्या जॉबकार्डावर टॉर्कच्या आकड्याशेजारी मी आणखी एक रकाना छापून घेतला आहे. त्यावर लिहिलंय, 'हाताला कसा लागला'. बहुतेक वेळा तिथे 'ठीक' एवढंच लिहिलेलं असतं. पण ते मी रोज वाचतो.